ऐकणाऱ्या रेडिओची परीक्षा

१९ फेब्रुवारी १९५६. रविवारची संध्याकाळ. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या घरातल्या गावांत माणसं रेडिओभोवती येऊन बसली. कुठे शाळेची खोली, कुठे चावडी, कुठे देऊळ. प्रत्येक ठिकाणी वीसेक जण होते. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू झाला आणि संपला. एरवी इथे रेडिओ बंद करून माणसं घरी गेली असती. त्या दिवशी रेडिओ बंद झाल्यावर बैठक खऱ्या अर्थाने सुरू झाली. आत्ता ऐकलं ते आपल्या गावाला लागू पडतं का, पडत असेल तर करायचं काय, आणि पटलं नसेल तर पुण्याला काय विचारायचं, यावर बोलणं झालं. एकाने ते लिहून घेतलं आणि कागद टपालाने पुण्याला गेला.

पुढचे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रमांना हे असंच चाललं. पण या प्रयोगाचं वेगळेपण त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत आहे. पहिला कार्यक्रम वाजण्यापूर्वी मुंबईहून आलेल्या संशोधकांनी निवडक गावांत जाऊन माणसांना प्रश्न विचारले होते. शेवटचा कार्यक्रम झाल्यावर ते पुन्हा आले आणि त्यांनी पुन्हा प्रश्न विचारले. विद्यार्थ्याला आधी काय येत होतं आणि शिकवल्यावर काय आलं हे ताडून पाहावं, तशी ही तपासणी होती. उत्तरं गावकरी देत होते, परीक्षा मात्र रेडिओची चालली होती.

मी अमरावतीच्या राजापेठेत बसून हे लिहितो आहे. हा प्रयोग आमच्या वऱ्हाडात झाला नाही. तेव्हा अमरावती, अकोला हे जिल्हे मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर होती आणि आमच्याकडचं आकाशवाणी केंद्रही १९४८ साली सुरू झालेलं नागपूरचंच. १९५६ च्याच १ नोव्हेंबरला वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तोवर पुण्याचा प्रयोग संपून गेला होता. पण यंत्र हुशार आहे असं आज आपण येता-जाता म्हणतो, तेव्हा ते कशावरून ठरवायचं, या प्रश्नाचं एक फार प्रामाणिक उत्तर मराठी मुलखातल्या त्या दहा आठवड्यांत सापडतं. म्हणून ती हकिकत मुळापासून सांगावीशी वाटते.

बोलणारा पण न ऐकणारा

स्वातंत्र्यानंतर खेड्याशी बोलायचं कसं, हा सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. सुधारित बियाणं, खत, लसीकरण, साक्षरता, सहकारी सोसायट्या, ग्रामपंचायती असं सगळं एकदम खेड्यात न्यायचं होतं. लिहिता-वाचता येणारी माणसं थोडी, रस्ते थोडे, ग्रामसेवक त्याहून थोडे. रेडिओला मात्र अक्षरओळख लागत नाही आणि रस्ताही लागत नाही. मुंबई राज्याने गावोगाव सार्वजनिक रेडिओ बसवायला सुरुवात केली होती. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं.

त्या काळी दिल्लीत रेडिओ आणि शेती या दोन्ही बाजू सांभाळणारी माणसं मराठी होती. माहिती आणि नभोवाणी खातं पुण्यात जन्मलेल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं, आणि केंद्रातल्या कृषिखात्यात अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. दोघेही १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं मंत्रिपदावर राहिले. आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. ते सनदी अधिकारी तर होतेच, शिवाय ‘कोणार्क’ हे हिंदी नाटक लिहिणारे नाटककारही होते. समोरच्या प्रेक्षकाकडून दाद येते की नाही यावर नाटककाराचं लक्ष असतं. रेडिओला ती दाद कळत नव्हती, ही त्याची मोठी उणीव होती.

पुण्यात बसलेला निवेदक उंदरांच्या बंदोबस्तावर बोलत असेल, तर पारनेरच्या शेतकऱ्याला ते पटलं की नाही, कळलं की नाही, तो मध्येच उठून गेला की काय, हे त्याला कळायची सोय नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या गावात ज्ञान पोचलं ते कीर्तनातून, पारावरच्या गप्पांतून, बाजाराच्या दिवशी भेटणाऱ्या पाहुण्यांकडून. या सगळ्यात उलट प्रश्न विचारता येतो. कीर्तनकारालाही समोरच्या चेहऱ्यांवरून आख्यान आवरतं घ्यावं की रंगवावं हे उमगतं. रेडिओला ते डोळे नव्हते.

कॅनडातली युक्ती, व्हिएन्नातली मोजपट्टी

या उणिवेवर एक उपाय कॅनडात सापडला होता. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत होती. शेजारपाजारची कुटुंबं एका घरी जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि आपलं म्हणणं कळवत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्या मंडळांचं सूत्र होतं. युनेस्कोने त्या कामाचा अभ्यास करून १९५४ साली अहवाल काढला. विकसनशील देशात, निरक्षर खेड्यांत, हीच रीत चालेल का, हे पाहायचं ठरलं आणि भारताची निवड झाली. युनेस्को, आकाशवाणी आणि मुंबई राज्य सरकार एकत्र आले. मोजमापाचं काम सोपवलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे.

मोजमाप हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण रेडिओ आणि मानसशास्त्र यांची गाठ त्याआधी पंचवीस वर्षांपूर्वी पडलेली होती. व्हिएन्ना विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात काम करणारे पॉल लाझार्सफेल्ड मुळात गणिताचे. १९३१-३२ साली त्यांनी ऑस्ट्रियाच्या रेडिओसाठी श्रोत्यांची पाहणी केली. लाखाहून अधिक श्रोत्यांची मतं गोळा झाली. रेडिओचा श्रोता मोजण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. पुढे अमेरिकेत १९३५ साली कँट्रिल आणि ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी रेडिओच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. १९३७ मध्ये लाझार्सफेल्ड यांच्या देखरेखीखाली रेडिओ संशोधनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. ऐकणाऱ्याच्या मनात काय घडतं, हे अंदाजाने न सांगता प्रश्नावलीने आणि तुलनेने ठरवायचं, असा एक शिरस्ताच तयार झाला.

चर्चेचं बळ किती, याचाही पुरावा तोवर हाती आला होता. महायुद्धाच्या काळात मांसाची टंचाई असताना कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकी गृहिणींवर एक प्रयोग केला. काळीज, गुर्दे असे एरवी नाकारले जाणारे भाग खाण्यात आणावेत, हे काही गटांना व्याख्यानातून सांगितलं आणि काही गटांत त्यावर चर्चा घडवून निर्णय त्यांच्यावर सोपवला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी तसं केलं. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी केलं. सांगितली गेलेली गोष्ट तीच होती. फरक बोलायला मिळण्याचा होता.

या परंपरेतला एक माणूस १९५५ मध्ये मुंबईला आला. पॉल नॉइराथ. जन्म व्हिएन्नाचा, १९११ चा. त्यांचे वडील ओटो नॉइराथ हे तत्त्वज्ञ होते, आणि आकडेवारी सामान्य माणसाला चित्रांतून समजावी यासाठी त्यांनी चित्रांची एक भाषाच घडवली होती. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. पॉल पकडले गेले आणि डाखाऊ व बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत त्यांनी वर्षाहून अधिक काळ काढला. सुटका झाल्यावर स्वीडनमार्गे ते अमेरिकेला पोचले, तिथे लाझार्सफेल्ड यांच्या सोबत काम केलं, आणि छळछावणीत माणसं एकमेकांशी कशी वागतात यावरच कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. फुलब्राइट योजनेतून ते टाटा संस्थेत पाहुणे प्राध्यापक म्हणून आले आणि पुण्याच्या प्रयोगाचं मूल्यमापन त्यांच्याकडे आलं. एका मोठ्या समाजाला रेडिओने कसं भारून टाकता येतं हे ज्याच्या पिढीने पाहिलं होतं, त्याच माणसाला आता दुसऱ्या देशात वेगळी गोष्ट तपासायची होती: रेडिओ ऐकून माणसं स्वतः विचार करू लागतात का?

परीक्षेची मांडणी

मराठी मुलखाला चाचण्यांची ओळख नव्हती असं नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली चाचणी तयार केली होती. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी त्याच वळणाची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही वापरली जाते. परक्या चाचणीचं नुसतं भाषांतर करून भागत नाही, हे अशा कामात लवकर कळतं. पॅरिसच्या मुलाला सोपा वाटणारा प्रश्न धारवाडच्या मुलाला अवघड जाऊ शकतो, आणि त्यात मुलाच्या बुद्धीचा दोष नसतो. प्रश्न इथल्या मुलांना घालून, कोणता सोपा आणि कोणता अवघड हे इथेच ठरवावं लागतं.

पुण्याच्या प्रयोगापुढची अडचण याहून मोठी होती. समजा, दहा आठवड्यांनी गावकऱ्यांना ग्रामपंचायतीबद्दल जास्त माहिती आहे असं दिसलं. हे रेडिओमुळे झालं असं म्हणता येईल का? त्या दिवसांत ग्रामसेवक येऊन गेला असेल. वर्तमानपत्रात आलं असेल. गावात निवडणूक झाली असेल. म्हणून संशोधकांनी चाळीस गावं निवडली. वीस गावांत श्रोत्यांचं मंडळ होतं. उरलेल्या विसांत मंडळ नव्हतं, पण त्यांतल्या दहा गावांत रेडिओ होता आणि दहांत रेडिओही नव्हता. या तिन्ही प्रकारच्या गावांत प्रत्येकी सुमारे वीस प्रौढांना, कार्यक्रमांपूर्वी आणि कार्यक्रमांनंतर, प्रश्न विचारले गेले.

या साध्या मांडणीत सगळं मर्म आहे. रेडिओ नसलेलं गाव सांगतं की नुसता काळ गेल्याने माणसं किती शिकतात. रेडिओ असलेलं पण मंडळ नसलेलं गाव सांगतं की नुसतं ऐकून किती शिकतात. मंडळाचं गाव सांगतं की ऐकून, बोलून आणि उलट विचारून किती शिकतात. पहिलं दुसऱ्यातून आणि दुसरं तिसऱ्यातून वजा केलं की रेडिओच्या पदरात नेमकं किती माप घालायचं ते कळतं.

गावात प्रश्न विचारणं सोपं नसतं. वही-पेन घेऊन आलेला माणूस म्हणजे सरकारी माणूस, आणि सरकारी माणूस म्हणजे सारा नाहीतर जप्ती, हा अनुभव फार जुना होता. त्यातून निरक्षर माणसाला लेखी प्रश्न देता येत नाहीत. म्हणून सगळं तोंडी, मराठीत, समोर बसून करायचं होतं. शिवाय संशोधक अधूनमधून मंडळांच्या बैठकांत जाऊन बसत आणि कोण बोलतं, कोण गप्प राहतं, गोष्ट कशी पुढे सरकते, याच्या नोंदी घेत.

दहा आठवडे

योजना प्रत्येक जिल्ह्यात तीस, म्हणजे दीडशे मंडळांची होती. प्रत्यक्षात १४५ चालली. प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आणि एक संयोजक असे. बोलणं सगळ्यांत फिरतं ठेवणं आणि निघालेले प्रश्न पुण्याला कळवणं, हे काम संयोजकाकडे. शेती, आरोग्य, शिक्षण, साक्षरता, सहकार, ग्रामपंचायत असे विषय होते.

टपालाने आलेले प्रश्न पुणे केंद्र वाचत होतं आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं देत होतं. एखाद्या गावाने पाठवलेली शंका रेडिओवरून आपल्या गावाच्या नावासकट ऐकायला मिळणं, ही त्या काळी किती मोठी गोष्ट असेल! आजवर वरून बोलणारा आवाज पहिल्यांदाच आपलं म्हणणं ऐकून मग बोलत होता. कार्यक्रम करणाऱ्यांनाही काय कळत नाही, कुठे शंका राहते, कोणता सल्ला कोरडवाहू जमिनीला लागू पडत नाही, हे समजू लागलं.

गावांत कामं उभी राहिली. काही ठिकाणी विहिरी खणल्या गेल्या. काहींनी जातिवंत वळू आणला, काहींनी लेगहॉर्न कोंबड्या आणल्या. खरेदी-विक्रीच्या सोसायट्या निघाल्या, बालवाड्या सुरू झाल्या. यातलं बरंच गावाच्या मनात आधीपासून असणार. पण मनातली गोष्ट चारचौघांत बोलली गेली, तारीख ठरली, कोणी काय करायचं ते ठरलं, हे मंडळामुळे घडलं.

याला मर्यादाही होत्या. मंडळांत पुरुषांचाच भरणा होता. पाणी भरणारी, दाणे निवडणारी, मुलांचं आजारपण काढणारी बाई बहुतेक ठिकाणी बैठकीबाहेर राहिली. गावात ज्यांचा आवाज आधीच मोठा होता, त्यांना मंडळात बोलणं सोपं गेलं. या उणिवांकडे पाहिल्यावाचून त्या यशाचं माप पूर्ण होत नाही.

निकाल

दुसऱ्या फेरीचे प्रश्न विचारून झाल्यावर तुलना झाली. मंडळाच्या गावांतलं ज्ञान डोळ्यांत भरण्याइतकं वाढलं होतं. मंडळ नसलेल्या गावांत वाढ जवळपास नव्हती, आणि जी थोडी होती ती मुख्यतः रेडिओ असलेल्या गावांत. म्हणजे नुसत्या रेडिओने काहीसं साधतं, पण फार थोडं. ऐकल्यावर बोलायला मिळालं की तोच आवाज, तीच अर्ध्या तासाची वेळ कितीतरी जास्त फळते.

नॉइराथ यांना आणखी एक गोष्ट दिसली, जी कोणत्याही प्रश्नावलीत धरलेली नव्हती. मंडळं थोड्याच दिवसांत निर्णय घेणाऱ्या संस्थांसारखी वागू लागली. गावाची सामायिक कामं ती निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही वेगाने पुढे रेटू शकत होती. पंचायत आणि गावसभा यांच्या मधलं असं काहीतरी रूप तयार होत होतं. रेडिओने गावाला माहिती दिली इतकंच झालं नव्हतं. गावाला एकत्र बसायला एक निमित्त मिळालं होतं. माथुर आणि नॉइराथ यांनी लिहिलेला या प्रयोगाचा वृत्तांत युनेस्कोने १९५९ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध केला. खेड्यांतल्या रेडिओवर पुढे जगभर जे काम झालं, त्यात या प्रयोगाचा दाखला वारंवार दिला गेला.

यश पसरलं, कान हरवला

१९५९ मध्येच भारत सरकारने ही योजना देशभर न्यायचं ठरवलं. साठच्या दशकात मंडळांची संख्या हजारांवर गेली. पण पुण्यात जे दहा आठवड्यांत घडलं ते देशभर दहा वर्षांत घडलं नाही. पुण्याच्या प्रयोगात प्रत्येक जिल्ह्याकडे लक्ष देणारी माणसं होती, पत्रांना उत्तर देणारं केंद्र होतं, आणि कोणीतरी मोजतं आहे याची सगळ्यांना जाणीव होती. संख्या वाढली तशी ही काळजी विरळ झाली. पत्रांना उत्तरं मिळेनाशी झाली की पत्रं यायची थांबतात. पत्रं थांबली की कार्यक्रम पुन्हा अंदाजाने होतात. बिघडलेला सेट दुरुस्त व्हायला महिने लागले की बैठकच मोडते. युनेस्कोसाठी या योजनेच्या दहा वर्षांचा आढावा १९६७ मध्ये मांडला गेला, तेव्हा ही उतरण स्पष्ट दिसली.

ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चावडीवरून खांद्यावर आला. शेतात, बैलगाडीत, चहाच्या टपरीवर तो वाजू लागला. ही सोय मोठीच होती. पण एकत्र बसून ऐकण्याचं कारण संपलं, आणि त्यासोबत उलट बोलण्याची वाटही बुजली. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव मिळालं. नागपूर, अकोला, अमरावतीच्या आकाशवाणीवरून शेतीविषयी किती तरी चांगले कार्यक्रम आमच्या कापूसवाल्या, तूरवाल्या भागाने ऐकले. त्यातलं शेतात किती उतरलं, हे मात्र पुण्यासारखं, शेजारचं गाव बाजूला ठेवून, आधी आणि नंतर विचारून मोजण्याची सवय लागली नाही.

यंत्र परीक्षेला बसतं

पुण्याच्या प्रयोगानंतर चाळीसेक वर्षांनी रेडिओ आणि मानसशास्त्र यांची गाठ पुन्हा पडली, वेगळ्याच वाटेवर. आता रेडिओ म्हणजे मोबाइल, वायफाय, बिनतारी इंटरनेट. हवेतल्या लहरींचे पट्टे कोणाकोणाला वाटून दिलेले, आणि नव्या उपयोगांना जागा अपुरी. पण वाटून दिलेले पट्टे पुष्कळदा रिकामेच पडलेले असतात. १९९९ मध्ये जोसेफ मिटोला यांनी एक कल्पना मांडली: रेडिओने आधी भोवतालचं ऐकावं, कुठे कोण बोलतंय ते समजून घ्यावं, आपण कुठे बोलावं ते ठरवावं, बोलावं, आणि झाल्या अनुभवातून शिकावं. अशा यंत्राला बोधक्षम रेडिओ म्हणता येईल. मूळ मालक बोलू लागला की त्याने मुकाट्याने बाजूला व्हायचं, हा त्याचा शिष्टाचार.

या कल्पनेचा एक धागा मराठी मुलखातही आला. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १५ वाहिन्यांची जागा आहे आणि देशात जवळपास सगळीकडे त्यांतल्या किमान १२ मोकळ्या आहेत. मग पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत या मोकळ्या जागेतून इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. या ठिकाणी कोणती वाहिनी मोकळी आहे, हे आधी विचारून मग बोलायचं, अशी त्याची रीत. जिथे तार नेणं परवडत नाही तिथे झाडांतून, घरांतून वाट काढणाऱ्या या लहरी उपयोगी पडल्या.

पण असा रेडिओ हुशार आहे हे ठरवायचं कसं? त्याच्या पोटातली रचना पाहून ते कळत नाही, कारण दोन यंत्रं वेगवेगळ्या पद्धतीने तेच काम करू शकतात. एका ठरावीक परिस्थितीत ते नीट चाललं, यावरून दुसऱ्या परिस्थितीत चालेल असंही म्हणता येत नाही. माणसाच्या बुद्धीपुढे मानसशास्त्राची हीच अडचण होती. मुलाचा मेंदू उघडून पाहता येत नाही. म्हणून त्याला सोपे, मध्यम, अवघड असे अनेक प्रश्न घालायचे आणि उत्तरांच्या साच्यावरून आतल्या क्षमतेचा अदमास करायचा. डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये याला नेटकं गणित दिलं: प्रश्नाचा अवघडपणा आणि उत्तर देणाऱ्याची क्षमता एकाच पट्टीवर मांडायची.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कार्ल डिट्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतर हीच पट्टी बोधक्षम रेडिओला लावून पाहिली. त्यांच्या चमूत चाचण्यांचं शास्त्र जाणणारा तज्ज्ञही होता. विद्यापीठाच्या एका इमारतीत चार मजल्यांवर छताला टांगलेले ४८ रेडिओ असं त्यांचं प्रयोगक्षेत्र. अशा परीक्षेत प्रश्न म्हणजे परिस्थिती. गोंगाट कमी-जास्त करायचा. मध्येच मूळ मालकाचा संकेत सोडायचा. यंत्राने तो वेळेत ओळखला का, जागा सोडली का, दुसरी शोधली का, आणि तीच अडचण पुन्हा आली तेव्हा अधिक चांगलं वागलं का, ही त्याची उत्तरं. कामतांना मराठी मुलांसाठी प्रश्नांची चढण बसवावी लागली, तशीच ती इथे यंत्रांसाठी बसवावी लागते. सगळ्यांना सुटणारा प्रश्न काही सांगत नाही आणि कोणालाच न सुटणाराही नाही.

काय उरलं

मिटोलांच्या रेडिओची कामं एका ओळीत मांडली तर ती अशी होतात: ऐकणं, समजणं, ठरवणं, करणं, शिकणं. पुण्याच्या मंडळांना आणि पुणे केंद्राला एकत्र धरलं तर १९५६ मध्ये नेमकं हेच चालू होतं. फरक इतकाच की त्या यंत्रणेचा कान टपालपेटीत होता, स्मरण संयोजकाच्या वहीत होतं आणि बुद्धी चावडीवर बसलेल्या वीस माणसांत वाटलेली होती. माझ्या मते तो खरोखर एक हुशार रेडिओ होता. त्याचा कान जपला गेला नाही तेव्हा सेट तेच, लहरी त्याच, निवेदक त्याच तोलाचे असूनही तो पूर्वीसारखा राहिला नाही. हुशारी यंत्राच्या पेटीत शोधण्याची आपल्याला सवय आहे. या हकिकतीत ती जाण्या-येण्याच्या वाटेत होती.

म्हणून परीक्षा दोन्हीकडे घ्यावी लागते. व्हर्जिनियातली परीक्षा सांगते की यंत्र लहरी नीट ऐकतं का. नॉइराथ यांची परीक्षा सांगते की माणसाच्या हाती त्यातून काही लागलं का. पहिल्या परीक्षेत शंभर टक्के गुण मिळवणारं यंत्र दुसरीत नापास होऊ शकतं, आणि खेड्यासाठी दुसरी परीक्षाच शेवटची आहे.

आज राजापेठ चौकातून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलेल्या गर्दीत प्रत्येकाच्या खिशात एक रेडिओ आहे, आणि तो क्षणाक्षणाला कोणत्या मनोऱ्याशी बोलावं हे स्वतः ठरवतो आहे. त्याच खिशात पेरणीच्या दिवसांत पावसाचा अंदाज येतो, बोंडअळीचा इशारा येतो, फवारणीचा सल्ला येतो. किती संदेश पाठवले, याचा आकडा सहज मिळतो. मला त्याहून वेगळा आकडा हवासा वाटतो. भातकुलीकडच्या एखाद्या गावात पेरणीआधी वीस शेतकऱ्यांना विचारावं, कापूस वेचून झाल्यावर पुन्हा विचारावं, संदेश न गेलेल्या शेजारच्या गावातही तेच विचारावं. यावेळी विसांत निम्म्या बाया असाव्यात. आणि त्यांनी उलट विचारलेला प्रश्न पुढच्या संदेशाच्या आत पोचावा. याला नवं यंत्र लागत नाही. १९५६ मध्ये पुण्याच्या प्रयोगात हे एका वहीवर आणि पोस्टकार्डावर झालेलं आहे.